कानटोपीतली पपई

नांदेड, ८ फेब्रुवारी १९९५

चि. सत्यम यास आईचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायला बसले होते, पण ठीक नाही. रविवारच्या पुरवणीत छापून आलेली तुझी 'गंगप्पाची पपई' घरी पोचली. तुझ्या संगप्पामामानंच आणली, एक सोडून चार अंक. भाचा लेखक झाला म्हणून शेजारच्यांना ओट्यावर बोलावून मोठ्यानं वाचायला बसला. गोष्टीतला येडा गंगप्पा पपईला लहान पोराची कानटोपी घालतो, एस.टी.त खिडकीपाशी बसवतो, तिचं अर्धं तिकीट काढतो, वर तिला झोप लागावी म्हणून अंगाई म्हणतो. सगळे पोट धरून हसले. मामाही हसला. मग गंगप्पा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो, चष्म्याला दोरा बांधतो, असं आलं आणि त्याचा आवाज बारीक झाला. तरी त्यानं शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढून खिशात ठेवला आणि आत गेला.

संगप्पाचा गंगप्पा करून भागतं का रे? गेल्या पावसाळ्यात तुला कावीळ झाली, मेसमधलं अन्न जाईना. पपई दे असं कुणी सांगितलं म्हणून माझा भाऊ दर रविवारी चार तास बसमध्ये बसून लातूरला यायचा. धक्क्यांनी डाग पडू नयेत म्हणून तुझीच लहानपणची कानटोपी पपईला घालायचा. पपई कुणासाठी होती, तेवढंच तुझ्या गोष्टीत नाही.

आणखी ऐक. किल्लारीकडच्या बसम्माचं स्थळ मामाला जमत आलं होतं, हे तुला ठाऊक आहे. भूकंपात तिचा नवरा गेला. आता भावाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये राहते. मामाला एक्केचाळिसावं लागलंय, पुन्हा कोण विचारणार? काल तिचा भाऊ ते कात्रण घेऊन इथं आला. बहिणीनं आधीच लई सोसलंय, वेड्याच्या घरी तिला देणार नाही, असं म्हणाला. चहाही न घेता गेला.

बारावीचे पेपर तोंडावर आलेत, अभ्यास कर. माया आहेच, पण आज ती लिहायला हात वळत नाही.

तुझी आई,
शिवकांता

—

लातूर, ११ फेब्रुवारी

ती. मामांना सत्यमचा साष्टांग नमस्कार.

हा तिसरा कागद. पहिल्या कागदावर मी लिहिलं होतं की गोष्ट कल्पनेतली असते. दुसऱ्यावर लिहिलं की क्लासच्या संमेलनात वाचली, सरांना आवडली, त्यांनीच ती पेपरात पाठवली, माझा काही दोष नाही. दोन्ही फाडले.

मामा, मला लाज वाटते. इथली मुलं मला आता 'लेखक' म्हणतात. परवापर्यंत त्यात बरं वाटत होतं. काल एकानं चष्म्याला दोरा बांधून गंगप्पाची नक्कल केली, तर मला जेवण गेलं नाही.

बसम्माबाईंच्या भावाला मी सांगू का, की ते सगळं खोटं आहे? तुम्ही म्हणाल ते करतो. रागवा, पण टाकू नका.

तुमचा,
सत्यम

—

नांदेड, १५ फेब्रुवारी

चि. सत्यमला संगप्पाचा भरपूर आशीर्वाद.

येवढं काय मनाला लावून घेऊन राहिला तू? गोष्ट झकास हाय. एकच चूक. तू लिहिलास तसा कंडक्टर वाळका नव्हता, चांगला ढेरपोट्या होता. त्यानं चेष्टेत पपईचं तिकीट मागितलं आणि म्या खरंच काढलं, आता हसतील न्हाई तर काय करतील लोक?

तुझी आई उगाच आग पाखडते. जिनिंगमधले हमाल मला गंगप्पाशेठ म्हणून हाक मारून राहिले, मी हाव म्हणतो. बसम्माच्या भावानं जाता जाता विचारलं, ह्यातलं खरं किती? म्या सांगितलं, समदं खरं. अंगाई बी? हाव, अंगाई बी. पोरगं पहिल्यांदा पेपरात आलंय, त्याला खोटं पाडून मला काय मिळायचं?

काल निरोप आला. बसम्मानं स्वतः मला बघायचं म्हटलंय, येत्या रविवारी. जाऊन येतो. तू त्या लोकांना एक अक्षर लिहू नको. बारावीचं वर्ष हाय, फिजिक्स कर. उकडलेलं खा, बाहेरचं पाणी पिऊ नको.

तुझा मामा होता तसाच हाय, असं धरून चाल.

संगप्पा

—

लातूर, १८ फेब्रुवारी

श्रीमती बसम्माबाई यांस सत्यमचा सा. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही. संगप्पामामांचा भाचा मी, ती गोष्ट लिहिणारा. मामांनी लिहू नको म्हटलं, तरी लिहितो आहे.

मामा अंगाई म्हणत नाहीत. ते मी रचलं, कारण तिथं मुलं जास्त हसतील हे मला कळलं होतं. पपई मात्र खरी आहे, कानटोपीही. दोन्ही माझ्यासाठी होत्या. काविळीत मी जी फळं खाल्ली, ती त्यांनी मांडीवर धरून आणलेली.

अजून एक आहे, ते आईलाही माहीत नाही. पहिल्या रविवारी मामा हॉस्टेलच्या फाटकाशी आले तेव्हा मुलं गच्चीवरून बघून हसत होती. हा कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्या घरी वरकाम करणारा एक वेडसर माणूस आहे. मग दर रविवारी मुलं त्या 'वेडसर माणसाचे' किस्से मागायची, मी सांगायचो. नंतर तेच लिहून काढले. सात रविवार मामा आले. एकदाही मी त्यांना खोलीवर नेलं नाही. फाटकातच पपई घेतली आणि परत पाठवलं.

वेडं कुणी असेल तर मामा नव्हेत. एवढं कळवायचं होतं. माझ्यामुळे त्यांना नाही म्हणू नका.

आपला,
सत्यम

—

पत्र्याची वसाहत, किल्लारीजवळ
२५ फेब्रुवारी

सत्यम तम्मा, शरणार्थ.

आमच्यात धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. माझं शिक्षण सातवीपर्यंत, अक्षर समजून घे.

भूकंपानंतर एका पेपरवाल्यानं माझा फोटो छापला. खाली लिहिलं, दोन लेकरं गमावलेली आई. मला लेकरू नव्हतंच. आजही वाटेत कुणी बाई मला थांबवून त्या दोन लेकरांसाठी रडते, आणि मला न्हाई म्हणता येत न्हाई. म्हणून भावानं तुझं कात्रण दाखवलं तेव्हा मी म्हटलं, छापलेलं राहू दे, माणूस बघू.

रविवारी ते आले. शेडमध्ये दहाएक माणसं होती. भावानं मुद्दाम विचारलं, पपईला अंगाई म्हणता ना? ते हाव म्हणाले. मग भाऊ म्हणाला, म्हणून दाखवा. मला वाटलं, आता चिडतील. ते खाली मान घालून म्हणायला लागले. सूर न्हाई, काही न्हाई. दुसऱ्या ओळीला अडले. पुन्हा पहिल्यापासून धरलं, पुन्हा तिथंच अडले. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. त्यांच्या कानापर्यंत घाम आला होता.

ज्याला अंगाईची दुसरी ओळ येत न्हाई, तो कशाची अंगाई म्हणतो? खोटं बोलून राहिले हे मला तिथंच कळलं. कुणासाठी, ते बी कळलं; गोष्ट भाच्यानं लिहिलीय हे भावाकडून ऐकलं होतं. चार माणसांत स्वतःचं हसू करून घेतलं, पण भाच्याला खोटा म्हटलं न्हाई. त्याच दिवशी मी भावाला होकार सांगितला. तुझं पत्र त्यानंतर चार दिवसांनी आलं.

तेव्हा माझ्यापुढं तुझी काही अडचण न्हाई. पण फाटकाशी तू काय बोललास, ते त्यांना ठाऊक न्हाई. ते मी सांगणार न्हाई, आणि तुझं पत्रही दाखवणार न्हाई. ते तू सांगायचं, समोर बसून. पेपर झाले की सांग. लग्न अक्षय्यतृतीयेला धरलंय. त्याच्या आधी सांग.

नवं नातं आहे, सांभाळून घे.

बसम्मा

—

नांदेड, २ एप्रिल

ती. मामींना सत्यमचा नमस्कार. आधीच मामी म्हणतो आहे, चालवून घ्या.

पेपर बरे गेले. गुरुवारी घरी आलो आणि त्याच संध्याकाळी मामांना सांगितलं. मला वाटलं होतं, नेहमीसारखं हसून सोडून देतील. हसले नाहीत. वरकामाचा माणूस असंच म्हणालास का, एवढं एकदाच विचारलं. मी हो म्हणालो. ते उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई मध्ये पडायला बघत होती, मी तिला पडू दिलं नाही.

आज सकाळी दारात उभे राहून म्हणाले, लुगडं घ्यायचंय, मला रंगातलं कळत नाही, चल. दुकानात गादीवर बसलो. दुकानदार ओळखीचा, त्यानं मामांना विचारलं की हा मुलगा कोण. मामा लुगड्याचा काठ बघत राहिले. मीच सांगितलं, हे माझे मामा. माझा आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण पलीकडच्या गादीवरच्या बायकांनी वळून पाहिलं. मामांनी माझ्याकडे बघितलं नाही. दुकानदाराला म्हणाले, दुसरा रंग दाखवा.

हिरवं घेतलंय. तुम्हाला चालेल ना?

तुमचा भाचा,
सत्यम