प्रोजेक्ट टाळू

३ जून, मंगळवार
ऑफिसच्या टाउन हॉल मीटिंगचा व्हिडिओ पाहिला. पुढच्या रांगेत काहीतरी गोल चकाकत होतं. आधी वाटलं, प्रोजेक्टरचा दिवा. मी होतो.
दोष कॅमेऱ्याच्या कोनाचा. आणि आम्ही राहतो त्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या बोअरच्या पाण्याचा. हेमलताला तसं म्हटलं, तर म्हणाली, लग्नाच्या अल्बममध्येही कपाळ एवढंच आहे, आणि लग्न पुण्यात झालं. बायकोला शास्त्रीय दृष्टी नाही.
पुढच्या शुक्रवारी अमेरिकेचे क्लायंट येतायत. प्रेझेंटेशन माझं. प्रमोशन त्यावरच आहे. तोवर निदान समोरचे केस यायला हवेत. उद्यापासून रुटीन.

५ जून, गुरुवार
काल मीटिंग होती. आजपासून.
केसांच्या निगेवरच्या एका व्हिडिओतली मुलगी म्हणते, आधी आपला केस ओळखा. गळलेला केस पाण्यात टाका, तरंगतो की बुडतो बघा. डोक्यावरचा उपटायचा धीर होईना, म्हणून बाथरूममधल्या कंगव्यातले घेतले. मूठभर निघाले! इतके गळतायत म्हणजे मुळात किती असतील. हुरूप आला. जरा लांब वाटले, पण ओला केस लांबतच असणार.
तरंगले. म्हणजे केस कोरडे. टाळू मात्र तेलकट. दुर्मिळ कॉम्बिनेशन. उरलेले पाकिटात जपून ठेवले, पुढेमागे तज्ज्ञाला दाखवता येतील.
हेमलता न जेवताच झोपली. हल्ली स्टॅमिनाच नाही तिला.

८ जून, रविवार
रुटीन पक्कं. कांद्याचा रस, त्यावर वाटलेली मेथी, त्यावर रोझमेरीचं तेल, शेवटी आंबवलेलं तांदळाचं पाणी. व्हिडिओत 'यातलं एकच निवडा' असं होतं, पण माझ्याकडे वेळ कमी आहे.
बोअरचं पाणी नको म्हणून पिण्याच्या कॅनने डोकं धुतलं. हेमलताने विचारलं, प्यायचं पाणी कुठे गेलं? खरं ते सांगितलं. ती नवा कॅन आणायला खाली गेली आणि जिन्यातच बसून राहिली. रागाने असणार. माझ्या डोक्यावर परत लेप होता, मी जाणार कसा?
शेवटी शेजारच्या प्रणिताने कॅन वर आणला. ती बेळगावची. दारातच म्हणाली, "काय ओ अण्णा, डोक्याला काय लावलासा? स्वल्प वास येतंय की." लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

११ जून, बुधवार, सकाळी
टाळूची आग होतेय. रक्ताभिसरण वाढल्याची खूण. डोस डबल केला.
प्रणिता हेमलताला स्किनच्या डॉक्टरचा नंबर देत होती. माझ्यासाठीच. बायका थेट सांगायला संकोचतात.

१३ जून, शुक्रवार
कपाळ सुजलं. लाल. टोपी घालून गेलो.
प्रेझेंटेशन सुरुवातीला उत्तम. मग घाम आला आणि कानामागे राहिलेली मेथी मानेवरून कॉलरमध्ये उतरली. पुढे बसलेल्या क्लायंटबाईंनी विचारलं, इथे कुणाचा डबा उघडा आहे का? एकाने खिडकी उघडायचा प्रयत्न केला. आमच्या खिडक्या उघडत नाहीत.
डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, स्लाइड दिसेना. माझ्या ज्युनियर हर्षने हळूच रिमोट घेतला आणि उरलेलं बोलला. सगळे त्याला छान म्हणाले. चांगला टीम लीड कामं डेलिगेट करतो.

१६ जून, सोमवार
हेमलता आणि मी स्किनच्या डॉ. निवेदितांकडे गेलो. अपॉइंटमेंट हेमलताच्या नावावर निघाली. चूक रिसेप्शनची, असं धरून आधी मीच बोललो. पुरावा म्हणून पाकीट दिलं.
डॉक्टरांनी एक केस ओढून सरळ केला. हातभर. माझ्याकडे पाहिलं, मग हेमलताच्या वेणीकडे. विचारलं, हे तुमचे आहेत?
हेमलता म्हणाली, माझे आहेत. पाडव्यापासून गळतायत. दम लागतो, जिना चढवत नाही. रिपोर्ट सोबतच होता तिच्या. रक्त फार कमी झालंय. आधी का नाही आलात, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाली, घरात आधीच एक पेशंट होता.
मला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यावर डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही एका घरात राहता ना?
तिला लोहाच्या गोळ्या, पालेभाज्या, विश्रांती. मला सूज उतरायचं मलम, आणि डोक्याला यापुढे साध्या शाम्पूशिवाय काहीही नाही. समोरचे केस परत येतील का, हे मी विचारलं. त्या पुढच्या पेशंटला बोलावत होत्या.

२० जून, शुक्रवार
हर्षला प्रमोशन.

२१ जून, शनिवार
आत्मपरीक्षण केलं. मी कमी पडलो हे मान्य. यापुढे हेमलताच्या केसांचं रुटीन मी जातीने बघणार. तिने नको म्हटलं. तरी रोज निरीक्षण करायचं ठरवलं.

१२ जुलै, शनिवार
निरीक्षणाला फळ आलं. हेमलता आज कॅन घेऊन एका दमात वर आली. चेहऱ्यावर रंग आहे. जेवताना म्हटलं, बघ, केसही किती दाट दिसतायत. माझं लक्ष असतं.
म्हणाली, दाट नाहीत, कापलेत. खांद्यापर्यंत. गेल्या रविवारी. तूच स्कूटरवरून पार्लरला सोडलंस आणि बाहेर थांबलास.
मी म्हटलं, मला वाटलं, बँकेत काम होतं.
ती म्हणाली, रविवारी?