तळटीपेतलं नाव

प्रिय शीतल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. वर्षभर तुझ्या प्रत्येक मेसेजला मी हात जोडल्याचं चित्र पाठवून मोकळी झाले, आणि आज एकदम टपालाने पत्र. फोनवर मला हे बोलता आलं नसतं. तू मध्येच हसली असतीस आणि मी नेहमीसारखी विरघळले असते.

इथल्या बातम्या म्हणशील तर जुन्या जालन्यातलं माझं वाचनालय आहे तिथंच आहे, कापडाच्या दुकानावर, आणि जिन्याची तिसरी पायरी अजून तशीच हलते. ग्रंथपाल संघटनेतला आपला चर्चागट मात्र नावापुरता उरलाय. गेल्या दुसऱ्या शनिवारी मला धरून चौघं होतो. आपण तो सुरू केला तेव्हा जाफराबादपासून अंबडपर्यंतचे वीस-बावीस ग्रंथपाल एसटीने यायचे. संघटनेच्या सभांत हार, नारळ आणि ठराव एवढंच चालायचं, म्हणून तर आपण वेगळं बसायचं ठरवलं. व्यासपीठ नको, सगळे गोल बसणार. गटप्रमुख म्हणून मी सुरुवातीला एकच वाक्य म्हणायचे, की इथलं बोलणं इथंच राहील. त्या वाक्यावर विसंबून माणसं मोकळी व्हायची. आता ते वाक्य म्हणायची मला लाज वाटते, पण तरी म्हणते.

माझी चूक काय झाली ते तुला नीट ठाऊक आहे. मी वही ठेवायचे. कुणी काही बोललं की पुढे त्याचं नाव, गाव, तारीख. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. बावीस वर्षं पुस्तकांच्या नोंदी करून हात असा बसलाय की लेखकाचं नाव नसलेली ओळ मला लिहवतच नाही. वडीगोद्रीचे अप्पाराव एकदा हसत हसत बोलून गेले ते मी असंच उतरवून घेतलं. अनुदानासाठी लागतात तेवढ्या सह्या वाचकांच्या रोजच्या नोंदवहीत होत नाहीत, मग काय करता, असं कुणीतरी विचारलं होतं. ते म्हणाले, ‘ताई, वाचाया कोन येऊन राह्यलं आता? सारी मोबाईलमंदी. मंग मीच करतो सह्या. अर्ध्या उजव्या हातानं, अर्ध्या डाव्या हातानं. बिलकुल वळखू येत न्हाई.’ सगळे खो खो हसले. तूही हसलीस. त्या हसण्यात प्रत्येकाची आपापली नोंदवही होती, माझीही.

पुण्याला नोकरी लागून जाताना तू ती वही मागितलीस. दोन दिवसांसाठी, निबंधाला संदर्भ हवेत म्हणून. मी दिली. गटातल्या कुणालाही न विचारता दिली, कारण तू मागितलीस आणि तुला नाही म्हणायची मला सवय नव्हती. पुढे तुझा निबंध राज्याच्या अधिवेशनाच्या स्मरणिकेत छापून आला, ग्रामीण वाचनालयांतल्या खोट्या वाचकसंख्येवर. तू मला प्रत पाठवलीस, वर ‘प्रिय दैवशालास’ असं लिहून. मी कौतुकाने वाचत गेले ती अकराव्या तळटीपेपर्यंत. अप्पारावांचं वाक्य, त्यांचं पूर्ण नाव, वडीगोद्री, बैठकीची तारीख. तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला कळतं. संदर्भ पूर्ण द्यावा असंच आपल्याला शिकवलंय. पण शीतल, ते नाव लिहिताना तुला त्यांचा चेहरा एकदाही आठवला नाही? तुला मुलगी झाली तेव्हा त्या माणसाने शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा पिशवीभर आणल्या होत्या.

स्मरणिकेची दुसरी प्रत इथल्या ग्रंथालय तपासणी कार्यालयात गेली. जानेवारीत तिथले साहेब वडीगोद्रीला गेले, नोंदवही उघडलीसुद्धा नाही. कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, डाव्या हाताने सही करून दाखवा. सत्तावन्न वर्षांच्या माणसाने गावातल्या चार जणांसमोर ती करून दाखवली. वाचनालयाचा दर्जा उतरला आणि समितीने एकतीस वर्षांच्या ग्रंथपालाला घरी बसवलं.

डाव्या हाताचं गटाबाहेर कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे फोडणारं माणूस आतलंच. तुझा निबंध गटात कुणी वाचला नव्हता. ग्रंथपालच सगळे, वाचतील कशाला! गटातल्या बेबीनंदाचा दीर त्या कार्यालयात कारकून, संशयाला एवढं पुरलं. ती जाफराबादहून दोन गाड्या बदलून यायची. फेब्रुवारीच्या बैठकीत तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ती म्हणाली, ‘मी न्हाई सांगितलं, लेकरांची शपथ.’ मी गटप्रमुख. मी पुढचा विषय वाचला. ती चहा न घेता गेली, ती परत आली नाही. तुझी स्मरणिका तेव्हा माझ्या कपाटात कुलपात होती, दाखल नोंद न केलेली. आयुष्यात मी असं एकच पुस्तक लपवलं.

मागच्या रविवारी वडीगोद्रीला गेले होते. सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले. अप्पाराव महामार्गावर पुतण्याच्या टायरच्या दुकानात बसतात. मला बघून इतका आनंद झाला त्यांना! पहिला प्रश्न, ‘गटात आता कोनता विषय घेऊन राह्यलात?’ मग हळूच म्हणाले, ‘त्या बेबीनंदाचा मला राग न्हाई. पण तिनं असं कराया नको व्हतं.’ चहा घेतला आणि आले. रस्ताभर तुला शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. माझ्या वाट्याच्या जास्त होत्या.

काल संघटनेची पत्रिका आली. पुढच्या महिन्यात मेळाव्यात तुझा सत्कार आहे, त्याच निबंधाला पारितोषिक मिळालं म्हणून. आणि तुझा परिचय करून द्यायचं काम, जुनी मैत्रीण म्हणून, माझ्याकडे दिलंय. मी हो म्हटलंय. उद्या सकाळी वडीगोद्रीला जाऊन अप्पारावांना सगळं सांगते, तिथून जाफराबादला बेबीनंदाकडे. मेळाव्यात मी वही कुणी लिहिली, कुणी दिली आणि कुणी छापली, हे तिन्ही नावांनिशी सांगणार आहे. पहिली दोन माझीच. त्यानंतर मला गटात कुणी बसू देणार नाही, आणि ते बराबरच होईल. तू यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. अप्पारावांसमोर कागद सरकवला गेला, त्याआधी त्यांना कुणी एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तुला मी महिनाभर आधी सांगते आहे.

एकेकाळी तुझीच,
दैवशाला