उरलेल्या डोळ्याशी जुळवून

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय कृत्रिम डोळे तयार करणे, खाली कामाची खोली आणि वर घर अशा या इमारतीत राहणारी, आज पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या इच्छेने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. दडपणाविषयी मी वकिलांना खरं ते सांगितलं, की माझ्यावर जन्मभर माझंच दडपण आहे. ते म्हणाले, कायदा ते धरत नाही. तेव्हा वाक्य राहू दिलं आहे.

यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द समजावीत. तशी ती बरी होती, पण प्रत्येकात एखादं वाक्य असं होतं की डोळ्यात खुपायचं.

गेल्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला. आता दुखणं यकृतात उतरलं आहे. डॉक्टरांनी वर्षाच्या आत काय ते आवरा म्हणून सांगितलं आहे.

डोळा काढल्यावर काही काळ काम बंद होतं. रिकाम्या माणसाला प्रश्न पडतात. मला पडला तो असा, की मी अशी का आहे, आणि अशा बाईबरोबर राहणं म्हणजे नेमकं काय असतं? पन्नास वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बसले, पण हे कोणाला विचारलं नव्हतं. मग एकेकाला गाठून विचारलं. रागवायचं नाही असं आधी कबूल केलं आणि बहुतेक पाळलं. ज्याने जे उत्तर दिलं ते त्याच्या त्याच्या कलमात लिहिलं आहे, कारण कोणाला काय द्यायचं हे मी त्या उत्तरांवरूनच ठरवलं.

कलम १. घर, आतल्या सामानासह, माझ्या पतींना आणि त्यांच्या पश्चात मुलीला.

पती निवृत्त बसचालक आहेत. माझी बहीण त्यांना चालेलराव म्हणते. भाजीत मीठ नसो की छत गळो, त्यांचं उत्तर एकच. लग्नानंतर त्यांनी कपड्यांच्या घड्या घातल्या की मी त्या मोडून पुन्हा घालायची. त्यांनी ठोकलेला खिळा उपटून दोन बोटं बाजूला ठोकायची. आधी ते हसत. पुढे त्यांनी घड्या घालणं सोडलं, मग खिळे ठोकणं सोडलं, आणि घरात कोणी काडी इकडची तिकडे करत नाही म्हणून मी धुसफुसत राहिले.

मी विचारलं तेव्हा त्यांनी हातातला चहा सावकाश संपवला. मग म्हणाले, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे पाहुणा म्हणून राहण्यासारखं आहे. खाणंपिणं उत्तम, सगळं लख्ख. पण काय कुठे ठेवू, ते विचारावं लागतं."

"वाईट वाटायचं का तुम्हाला?"

"पाहुण्याला कसलं वाईट? फक्त आपल्या घरी कधी जायचं ते कळत नाही."

हे ते तक्रारीच्या सुरात बोलले नाहीत. थांबा किती लांब आहे असं कोणी विचारावं आणि त्यांनी सांगावं, तसं सांगितलं. म्हणून घर त्यांना, आणि त्यातली कोणतीही वस्तू कुठेही ठेवण्याच्या पूर्ण हक्कासह. चष्मा साखरेच्या डब्यात सापडला तरी कोणी त्यांना बोलू नये.

कलम २. काचेच्या कपाटातल्या चांगल्या कपबश्या, बारीक निळ्या काठाच्या, माझ्या थोरल्या बहिणीला. त्या मी चांगल्या प्रसंगासाठी ठेवल्या होत्या. तितका चांगला प्रसंग आला नाही. बहिणीच्या हाती त्या वर्षभरात फुटतील. फुटू द्याव्यात.

ताई परिचारिका होती. तिच्या मते माझ्या स्वभावाचं मूळ आमच्या आईच्या खोलीत आहे. आई माझ्या लहानपणी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होती. तिला पसारा आणि आवाज सोसत नसे. मी शाळेतून आले की खोली आवरायची, औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे लावायची, चादरीची एक सुरकुती राहू द्यायची नाही. ज्या दिवशी सगळं बिनचूक जमे त्या दिवशी आई दोन घास जास्त खाई, असा माझा अनुभव होता. हे मी कोणाला बोलले नव्हते. पंचाहत्तरीच्या बहिणीला बोलले, तेव्हा तिने हातातलं विणकाम खाली ठेवलं.

"अगं, तू आवरलंस म्हणून आई जेवायची असं नव्हतं," ती म्हणाली. "ताप उतरायचा त्या दिवशी जेवायची. तापाचा तक्ता मी भरत होते, मला ठाऊक आहे."

"आणि ती गेली त्या दिवशी खोली कशी होती?"

"आरशासारखी होती. तूच आवरली होतीस."

मला रडू यायला हवं होतं. पण मी त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीकडे एखाद्या नवीन पेशंटकडे बघावं तशी बघत राहिले. केवढं मोठं काम तिने अंगावर घेतलं होतं, आणि किती मन लावून करत होती. पुढे आई राहिली नाही, पण पोरीने काम काही सोडलं नाही.

कलम ३. बँकेतली शिल्लक मुलीला. ती फिजिओथेरपिस्ट आहे आणि दुसऱ्या शहरात एकटी राहते.

तिचं उत्तर मी अपेक्षिलं होतं त्याहून लहान निघालं. ती म्हणाली, स्वतःच्या घरात राहायला गेल्यावर पहिल्या रात्री तिने मुद्दाम एक खरकटा कप ओट्यावर तसाच ठेवला आणि झोपली. "सकाळी उठून पाहिलं, आई. कप तिथेच होता. काहीही झालं नव्हतं."

मी म्हटलं, मुंग्या आल्या असतील. ती हसली, मग हसता हसता थांबली. म्हणाली, साहेबांना दोन ओळींचा निरोप पाठवायचा तर ती तो दहादा खोडते, आणि पेशंटला एक व्यायाम चुकीचा सांगितला की काय या शंकेने सुट्टीच्या दिवशी दवाखान्यात जाऊन कागद तपासून येते. हे माझ्याकडून आलं का, असं तिने विचारलं. तिचं नाक माझं आहे, तेव्हा हेही माझंच असणार. पण तिच्या हाताखाली बरे झालेले लोक तिचं नाव काढतात, तेही त्याच कागद तपासण्यामुळे. दोन्ही एकाच झाडाला लागतं, मुली. झाड तोडू नकोस. अधूनमधून एखादा कप तेवढा ठेवत जा.

कलम ४. जिन्याची भिंत रंगवणाऱ्या रंगाऱ्याला पातळी बघायची माझी पितळी पाणसळ द्यावी. त्याने मारलेली तपकिरी पट्टी तळमजल्याला सरळ आहे आणि वर येईपर्यंत चांगली वीतभर घसरलेली आहे. सांगायला गेले तर म्हणाला, जिनाच तिरका आहे. जिना तिरका नाही. मी मोजला आहे. या बाबतीत माझ्या मनात काही बदल झालेला नाही आणि कोणी करायला जाऊ नये.

कलम ५. कामाची खोली, घासण्याचं चाक, मेणाचे साचे, रंग, कुंचले, आणि धंद्याचं नाव माझ्या मदतनीसबाईंना. डावखुऱ्या म्हणून सगळे त्यांना डावरी म्हणतात, त्याही हाक मारली की ओ देतात.

या कलमावर वकिलांशी माझा वाद झाला. मी पुष्कळ अटी घातल्या होत्या. ते म्हणाले, बाई, हे दान आहे की नेमणूकपत्र? शेवटी सगळ्या काढल्या. एकच विनंती ठेवली आहे, की मोठ्या खिडकीला पडदा लावू नये. डोळ्याचा रंग दिवसाच्या उजेडातच जुळतो.

या स्वभावाची दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हा नुसता रोग आहे. एक भाजीवाली माझ्याकडे यायची. अपघातात एक डोळा गेल्यापासून ती केस त्या गालावर ओढून बसे. तिच्या डोळ्याचं बुबुळ मी सात वेळा रंगवलं. राखाडीत हिरवट झाक होती ती काही केल्या सापडेना. सापडली. दुसऱ्या आठवड्यात ती सांगायला आली, की गिऱ्हाइकं विचारतायत, केस कापलेस का गं? डोळ्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. माझ्या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी नाही. सहाव्या वेळी थांबले असते तर ती मिळाली नसती.

पण कुठे थांबायचं हे मला आतून कधी कळलं नाही, हेही तितकंच खरं. एका शिंप्याचा डोळा मी असाच पुन्हा रंगवायला बाजूला ठेवला होता. मी बाहेर गेले असताना डावरीने तो त्याला बसवून दिला आणि पाठवून दिलं. मी आल्यावर तिने स्वतःच सांगितलं. शिंपी महिना झाला काळी पट्टी बांधून शिवत होता, असं म्हणाली. मी तिच्याशी पुढे कित्येक दिवस फक्त कामापुरतं बोलले. डोळे काही वर्षांनी बदलावे लागतात, तसा तो शिंपी बदलायला आला, आणि म्हणाला, "मागच्यासारखाच करा. त्याच्याहून चांगला नको."

मी तो जुना डोळा भिंगाखाली धरला. मला खुपलेली चूक होती तिथेच होती. शिंप्याला पाच वर्षांत ती भेटली नव्हती.

माझ्याबरोबर काम करणं कसं असतं, हे डावरीला विचारलं तर म्हणाली, आधी तुमचा डोळा करू, मग सांगते.

तिने माझ्या खोबणीचा साचा घेतला, मेणाचा नमुना बसवून पाहिला. पेशंटच्या खुर्चीत मी जन्मात प्रथमच बसले होते. ती खुर्ची डाव्या पायाला डगमगते, हे मला तेव्हा कळलं. मी तिच्या कुंचल्याकडे बघायला मान वळवायची आणि ती म्हणायची, "भिंतीकडे बघा, बाई. माझ्या हाताकडे नको." भिंतीकडे बघणं किती कठीण असतं ते सांगून समजणार नाही.

डोळा तयार झाल्यावर तिने माझ्या तळहातावर ठेवला. पांढरा भाग चांगला साधला होता. पांढराशुभ्र केला तर डोळा मेलेला दिसतो, त्यात पिवळट झाक लागते, म्हातारपणाची जरा जास्तच. शिरांसाठी लाल रेशमाचे धागे तिने माझ्यापेक्षा विरळ लावले होते, पण ठीक. आणि बुबुळाच्या कडेला, नाकाच्या बाजूला, गंजासारखा एक ठिपका.

"हा डाग पडलाय," मी म्हटलं. "पुन्हा कर."

"पडलेला नाही. काढलाय. तुमच्या उजव्या डोळ्यात आहे."

"माझ्या डोळ्यात असलं काही नाही."

तिने आरसा खिडकीत धरला आणि भिंग माझ्या हातात दिलं. ठिपका होता. नाकाच्या बाजूला, गंजाच्या रंगाचा, कदाचित जन्मापासूनचा. हजारो लोकांच्या डोळ्यांतली रेघ न् रेघ मी रंगात उतरवली, आणि रोज सकाळी ज्या डोळ्याने भांग पाडला त्यातला हा सोबती मला कधी दिसला नव्हता. मी आरशात कपाळावरचा केस बघत असणार.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, गेलेल्या डाव्या डोळ्यात ठिपका होता कशावरून?

"ते आता कोणाला कळणार?" ती म्हणाली. "गेलेल्याशी जुळवायचं नसतं, बाई. उरलेल्याशी जुळवायचं. तुम्हीच शिकवलंत."

मी शिकवलं होतं खरं. कामाच्या खोलीत मला ते पहिल्या वर्षीच कळलं होतं. जिना चढून वर घरात मी ते कधी नेलं नाही.

डोळा बसवून झाल्यावर तिने हात धुतले आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं. म्हणाली, "तुमच्याकडे काम शिकणं सोपं होतं. केलेलं दाखवणं अवघड." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ती हे चालवील. तिच्या कामात मला चुका दिसतात. त्या लिहून ठेवलेल्या नाहीत, शोधू नयेत.

कलम ६. माझ्या अंगावरचा कृत्रिम डोळा. तो निरोपाच्या वेळी काढावा की ठेवावा, हा प्रश्न घरात निघाला. ताई म्हणाली, काढून मुलीकडे द्यावा. मुलगी म्हणाली, आईला विचारा. मी पतींना विचारलं, कारण हल्लीच मला एक गोष्ट समजली आहे.

नवा डोळा बसल्यापासून ते जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसायला लागले. आधी सगळं आयुष्य समोर बसायचे. मला वाटलं, त्या बाजूने मला दिसत नाही म्हणून आधाराला बसत असतील. मन भरून आलं. तसं त्यांना म्हटलंही.

ते जरा ओशाळले. म्हणाले, "आधार वगैरे नाही गं. या बाजूने मी कसा जेवतो ते तुला दिसत नाही. निवांत वाटतं."

मी एवढी हसले की पाणी प्यावं लागलं. मग जरा वेळाने, मान न वळवता, मी त्यांचा आवाज ऐकला. ते भुरके मारत जेवत होते आणि मधूनमधून स्वतःशीच गुणगुणत होते. ते गुणगुणतात हे मला माहीत नव्हतं.

डोळ्याविषयी ते म्हणाले, असू दे. तेव्हा डोळा काढू नये. मला जिथे ठेवाल तिथे डाव्या अंगाला एक खुर्ची मांडावी, आणि ती पतींची असावी. त्यांना जितका वेळ बसायचं असेल तितका वेळ, जसं बसायचं असेल तसं बसू द्यावं.

वरील सर्व मी वाचून पाहिलं आहे आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे. अंमलबजावणीचं काम आमच्या वकिलांवर सोपवीत आहे. खालील दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली, त्यांनी माझ्यासमक्ष केली. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, याचं चष्मेवाल्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं.

स्थळ: कामाची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: नऊ फेब्रुवारी, सकाळी

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार
१. (सही) समोरच्या दुकानातले चष्मेवाले
२. (सही) घरचे डॉक्टर. मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीत असल्याचं मी तपासून लिहून देतो