सहलीची शिदोरी

वाई, माघ वद्य २

तीर्थरूप आईस, मथूचा वाईहून पायांवर डोके ठेवून नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे. चिंतूदादा मला बाळंतपणाला न्यायला आला होता, पण हे पत्र घेऊन तो एकटाच सोलापूरला येतो आहे. त्याला रागावू नकोस.

सासूबाईंनी त्याचे फार आगतस्वागत केले. आला त्याच दिवशी म्हणाल्या, "एवढ्या लांब आलात, कृष्णामाई तरी डोळे भरून बघा." मग मेणवलीचा घाट झाला, धोमचे देऊळ झाले, पांडवगड चढून झाला, मळ्यात हुरडा झाला. डोहात पोहून आला की दादा म्हणे, "मथे, आपल्याकडे असे पाणी कुठले?" मी रोज विचारी, निघायचे कधी? तो म्हणे, उद्या नक्की.

काल मी ट्रंक भरली. सासूबाई हसून म्हणाल्या, "अगं, आजपासून आठवा लागला. आठव्यात कोणी प्रवास करते का?" दादाचे तोंड एवढेसे झाले. इकडची स्वारी उठून कचेरीत गेली.

पायांवर थोडी सूज आहे, काळजी करू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे? माझ्यासाठी मोकळी केलेली खोली तशीच अडवून ठेवू नका, ज्वारीची पोती परत आत घ्या.

दादाला इथल्या गमती विचार, छान रंगवून सांगतो. मी काही नदीवर गेले नाही. पहाटे उठून रोज या सहलींची शिदोरी मीच बांधून देत होते.

तुझी,
मथू