घराखालच्या मैदानात कलमं लावू नयेत

मी, हरिश्चंद्र सखाराम गोताड, वय ६५, राहणार पावस, जिल्हा रत्नागिरी, पूर्वी मुंबईच्या एका मिलच्या कबड्डी संघाचा चढाईपटू, नंतर गावचा प्रशिक्षक, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. डावा गुडघा नाही. त्याचा खुलासा कलम चारमध्ये.

१. राहतं घर पत्नी गोदा हिला. मिलने मला खेळण्यासाठीच नोकरीवर घेतलं, तेव्हा सासरे म्हणाले होते, "हुतूतू खेळून पोट भरतं होय रे?" गोदा म्हणाली, "बघू की." पुढे अख्ख्या गावच्या संघाला सकाळची पेज तिनेच घातली. तिला कुणी उठ म्हणू नये.

२. आंब्याची बाग मुलगा रितेश यास. पोरगा गुणी आहे, पण रिकामी जमीन दिसली की त्याचे हात शिवशिवतात.

३. म्हणून घराखालचं मैदान मुलगी शमिका हिला. माती चाळून, पाणी मारून, चोपण्याने बडवून मी ते तयार केलं. तिथे ती गावच्या मुलींना शिकवते. रितेश म्हणतो, "आबा, पोरींचा खेळ लग्नापर्यंत. हापूस लावू." बाळा, माझ्यासमोर बोललास तेवढं पुरे. तिथे एकही कलम लागता कामा नये. चोपणं आणि शिट्टीही शमिकाचीच.

४. यावर देखरेखीस व्यवस्थापक म्हणून मालगुंडचे आत्माराम भिकाजी पाष्टे यांना नेमतो. सदर इसमाने मिलच्या अंतिम सामन्यात माझा घोटा असा धरला की गुडघाच गेला. शिट्टी वाजली तरी सोडला नाही! दर गणपतीत मी त्याला शिव्या घालतो, आणि दर गणपतीत तो मोदक खायला हजर. पण खेळ सुटला म्हणून मी गावी आलो, शिकवू लागलो, आणि माझी शमिका तयार झाली. रितेश गोड बोलून माझ्या भावांना सहज गुंडाळील. आत्म्या धरलेलं सोडत नाही, हे माझ्याइतकं कोण जाणतो? त्याच्याइतका जिवाचा माणूस मला दुसरा नाही.

याआधी काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं.

पावस, ३ डिसेंबर २००४
सही: ह. स. गोताड

साक्षीदार:
१. डॉ. चारुदत्त फडके. यांना तपासलं, पूर्ण शुद्धीवर आहेत.
२. आत्माराम भिकाजी पाष्टे. वाचून सही केली. मैदान सोडणार नाही. घोटा मात्र मी शिट्टीबरोबर सोडला होता.