जाकिटावरचं नाव

सोमवार, १३ फेब्रुवारी १९८४

हे आबांचं जाकीट नाही! नाही म्हणजे नाही!

दशरथ परुळेकरने आज बँकेत गाठोडं परत आणून दिलं, वर पेढ्यांचा पुडा. आंतरबँक स्पर्धेत आमच्या बँकेच्या नाटकमंडळाच्या एकांकिकेला दुसरं बक्षीस मिळालं. "कुंदाताई, तुमच्या जाकिटाने तारलं! घामाने मेलो स्टेजवर, पण काय दिसलो!" मीही खुळ्यासारखी हसले. मुलुंडला घरी येऊन गाठ सोडली आणि बघतच राहिले. आत मेंढीची लोकर, ही जाड! आबांचं जाकीट पातळ होतं, तपकिरी, मनगटाला विणलेली पट्टी. लहानपणी त्या पट्टीत बोटं खुपसून बसायची मी.

देताना मी गाठोडं उघडलंच नव्हतं. आईने पेटीतून काढलं तसंच नेऊन दिलं. आई तर म्हणत होती, "नको देव गो, नाटकाबिटकाक." तिचं ऐकायला हवं होतं.

आबांना जाऊन तीन वर्षं झाली. माझ्या बापाचं म्हणून घरात उरलंय काय? जेवणाचा डबा आणि ते जाकीट. दुसऱ्या महायुद्धात आसामात होते, हवाई दलात विमानांचे फिटर. एका अमेरिकन वैमानिकाने मायदेशी जाताना अंगातलं काढून दिलेलं. आणि हा शहाणा ते नाटकात घालतो काय, बदलून आणतो काय!

मंगळवार, १४ फेब्रुवारी

दशरथला विचारलं. "हेच दिलं होतंत हो, आईशप्पथ!" म्हणे. वर, "तुमची आठवण जुनी, कुंदाताई." माझ्या आठवणीला नावं ठेवतोय! सगळा काउंटर ऐकत होता.

रविवार, १९ फेब्रुवारी

नंदू आला चारकोपहून. त्याला म्हटलं, तू तरी बघ. माझा सख्खा भाऊ तो. जाकीट उलटंपालटं केलं, कॉलरच्या आतली फाटकी पट्टी वाचली आणि ओरडलाच. "ताई, हे काय? ए. एम.! अनंत मुणगेकर! आणखी काय पाहिजे तुला?" चेनवरही तेच, वर मुकुट. मग स्वयंपाकघरात जाऊन आबांचा डबा घेऊन आला. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं त्यावर कोरलेलं आहे — ए. एम. डबा आणि जाकीट शेजारी ठेवून वकिलासारखा उभा! "केस खलास!"

अरे, पण आबा कपड्यावर नाव घालतील कशाला? ते काय पातेलं आहे?

आणि मला आबांच्या जाकिटाच्या कॉलरमधली पट्टी चांगली आठवते. आठवीत इंग्रजी सुरू झालं तेव्हा मी मोठ्याने वाचली होती. यू एस — 'अस'! अस म्हणजे आम्हाला. पुढे आर्मी. "आबा, ही आपली आर्मी का हो?" आबा इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. "अस नव्हे गं, यू. एस.! अमेरिकेची!" हे मी स्वप्नात बघितलं का?

नंदू म्हणतो, "जाऊ दे ना यार ताई." त्या वेळी हा पाळण्यात होता. ह्याला काय आठवणार, कपाळ!

आई काहीच बोलत नाही. आबांचा विषय निघाला की ती अशीच गप्प होते. म्हणून मला जास्त संताप येतो. म्हातारीची एवढी एक ठेव, तीही नेली!

शनिवार, २५ फेब्रुवारी

ऑफिसात आता मला 'जाकीट' म्हणतात. पाठीमागे. ऐकू येतं मला!

रविवार, २६ फेब्रुवारी

मी खरी ठरले!

पार्ल्याला शरच्चंद्र गुप्त्यांकडे गेले होते. हवाई दलाच्या भांडारात आयुष्य गेलं त्यांचं, आता निवृत्त. जाकीट बघताच हसले. "अहो बाई, ए. एम. म्हणजे एअर मिनिस्ट्री! विलायतेतलं हवाई खातं. आपल्या दलातही तेव्हा चमच्यापासून विमानापर्यंत सगळ्यावर हा शिक्का असायचा. दलात आठवडाभर जरी काढलेला माणूस असला ना, तरी झोपेतसुद्धा ओळखेल."

मग पाठीवर बोट फिरवून शिवणी दाखवल्या. आधी पाठ एका अखंड कातड्याची यायची म्हणे. युद्ध लांबलं, मोठं कातडं पुरेना, तेव्हा असे तुकडे जोडायला लागले. म्हणून हे त्रेचाळीसच्या आसपासचं. शिवणाऱ्या कंपनीचं नाव झिजलंय, भिंग लावूनही लागेना. पण माल ब्रिटिश, शंभर टक्के. आणि मी सांगितलेली विणलेली पट्टी, यू. एस. आर्मी? "ते अमेरिकन. हे आणि ते एक असणं शक्यच नाही."

शक्यच नाही! ऐकलंस का नंदू?

सोमवार, २७ फेब्रुवारी

कँटीनमध्ये, सगळ्यांसमोर सांगितलं. ए. एम. म्हणजे काय तेही सांगितलं. "दशरथ, नाटकाच्या ड्रेसवाल्याकडचं जुनं जाकीट माझ्या गळ्यात मारलंस आणि माझ्या बापाचं विकलंस. ह्याला चोरी म्हणतात." पांढराफटक पडला. चहा तसाच टाकून उठून गेला.

बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

बुधवार, ७ मार्च

दशरथने नाटकमंडळ सोडलं. कँटीनला येत नाही. मनाला लागलं असेल तर जाकीट आणून दे म्हणावं!

शनिवार, १० मार्च

दशरथची बायको घरी आली होती, वनमाला. दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. "ताई, आमच्याकडून कुठे काही झालं असेल तर आम्ही भरून देतो. पण ह्यांना चोर म्हणू नका हो. जेवत नाहीत ते." मी म्हटलं, भरून कसं देणार? बापाची वस्तू बाजारात मिळते का?

ती गेल्यावर आई ताट पुढ्यात घेऊन नुसतीच बसली. जेवली नाही.

रविवार, ११ मार्च

आईने विकलं होतं. आज तिनेच सांगितलं. एकोणसाठ साली. मला टायफॉइड झाला होता, आबा कामावर नाशकात. गोळ्या फार महाग होत्या. चोरबाजारात एका माणसाने आबांचं जाकीट घेतलं, पैसे दिले, आणि घरी कळू नये म्हणून तिने ढिगातलं एक जुनं मागून घेतलं. मी विचारलं, हेच का? "डब्यार होती ना, तीच अक्षरा दिसली. त्यांचाच नाव. म्हणान ह्याच घेतलंय." इंग्रजीतली तेवढीच दोन अक्षरं येतात तिला.

दशरथला कोणत्या तोंडाने भेटू? चोर म्हटलं मी त्याला. सगळ्यांसमोर.

आई अजून म्हणते, "त्यांनी वळखूक नाय." तीच सांगते, नाशकाहून आल्यावर आबांनी जाकीट हातात घेतलं, मुकुटावरून अंगठा फिरवला, माझ्या अंथरुणाकडे बघितलं आणि म्हणाले, "वा! नाव पण घालून आणलंस!"