कावळ्याची वाट पाहू नये

ज्या रविवारी सकाळी मी इथल्या चर्चमध्ये पावाचा तुकडा कपाळाला लावून खाल्ला, त्या सकाळी मी पूर्ण शुद्धीवर होतो. आज हे लिहितानाही आहे. मी, दामोदर आत्माराम शेलार, वय एकोणपन्नास, मूळ पाटण तालुका, हल्ली राहणार आइंडहोवन. नोटरीपुढे डचमध्ये केलेला कागद कायद्यासाठी आहे; हा माझ्या माणसांसाठी. आर्याला मराठी वाचता येत नाही, म्हणून कुमुदिनीने तो लेकीला वाचून दाखवावा. ती उत्तर डचमध्ये देईल, चालेल.

एक. इथले घर आणि शिल्लक माझी पत्नी कुमुदिनी हिला, तिच्यामागे आर्याला. यात माझे कौतुक नाही. हप्ते दोघांनी भरले.

दोन. बाख, बुक्स्टेहूड, टेलेमान यांच्या कँटाटांची माझी सगळी स्वरपुस्तके हेंक व्हरमेलेन यांना. चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत ते माझ्याशेजारी उभे राहतात. कँटाटा म्हणजे काय असे गावात कोणी विचारले, तर त्या रविवारच्या वचनावरचे कीर्तन म्हणून सांगावे. एकटा गायक निरूपण करतो, वाद्ये साथ देतात आणि बहुतेक वेळा शेवटी सर्वांच्या ओळखीची चाल सगळे मिळून म्हणतात. माझे वडील आबा जन्मभर देवळात काकडा म्हणत आले. त्यांना मी हे फोनवरून ऐकवत असे. एकदा म्हणाले, "ही तर आरतीच की रे. तू खालचा सूर धरलायस ना? सोडू नको."

तीन. वृंदाताई, मराठी मंडळ. त्यांना मीच गाणे ऐकायला बोलावले होते. गाणे झाल्यावर पावाची टोपली रांगेतून फिरली. देवाच्या दारात मिळालेले जसे लहानपणापासून घेतो, तसेच घेतले. उजव्या हाताखाली डावा, मग कपाळाला, मग तोंडात. हेंक हळूच म्हणाले, "तू कपाळाला लावलास. आम्ही नुसता चावतो." वृंदाताईंनी फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली "दामोदरभाऊ बाटले की काय?" आणि हसरा चेहरा. संध्याकाळच्या आत तो गावात पोचला होता. ताईंना काही ठेवत नाही. अंत्यविधीला जरूर यावे, फोन बाहेर ठेवून.

चार. थोरले बंधू रमेश. त्याच वर्षी आबा गेले. दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. लोकांनी काय काय कबूल करून पाहिले. उन्हे चढली, तेव्हा दादा सर्वांसमक्ष म्हणाला, "दामू, तू बाजूला हो. तुझ्यामुळं अडलंय."

"दादा, तो प्रसाद होता."

"कुणाचा?"

मी उंबरामागे जाऊन उभा राहिलो आणि कावळा शिवला. मंडळी सुटली, जेवायला गेली. मी अजून त्या झाडामागेच आहे.

तेव्हापासून आबांच्या श्राद्धाला मला बोलावणे नसते. घराच्या हक्कसोडपत्रावर सही मात्र मागतात. ती मी करणार नाही. गावच्या घरातला माझा हिस्सा आर्याला. ओसरीवर बसायचे तरी दादाने तिला विचारावे; ती डचमध्ये उत्तर देईल.

पाच. मला इथेच जाळावे. गायकवृंदाची इच्छा असेल तर शेवटची चाल म्हणावी. माझा पिंड ठेवू नये, कावळ्याची वाट पाहू नये आणि कोणालाही बाजूला हो म्हणू नये.

आबांचे मात्र माझ्याकडून राहिले होते. दादा कधीतरी ये म्हणेल, म्हणून मी थांबलो. आज सर्वपित्री आणि रविवार. सकाळी भाताचा डबा आणि तीळ घेऊन सायकलने डोमेल नदीवर गेलो. दर्भ मिळाला नाही, काठचे गवत घेतले. पिंड ठेवला, आबांचे नाव घेतले, खालचा सूर धरून ती चाल पुरी म्हटली. पुलाच्या कठड्यावर इथले राखाडी मानेचे छोटे कावळे बसले होते. शिवले की नाही, ते पाहायला मी थांबलो नाही.

सही: दामोदर आत्माराम शेलार

आम्हा दोघांदेखत सही केली:
हेंक व्हरमेलेन, सहगायक
अनिमेष दातार, शेजारी

आइंडहोवन, भाद्रपद अमावास्या, २१ सप्टेंबर २०२५